दुखणाऱ्या नसेचं दुसरं काम

साकीनाक्याला खैरानी रोडवर ग्रिल, शटर, जिन्याचे कठडे बनवणारे गाळे एकाला एक लागून आहेत. तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, डोळ्याला चमक लागणं म्हणजे काय ते तो लगेच सांगेल. टाका नीट बसला का ते बघायला हातातली काळी काच क्षणभर बाजूला केली, किंवा दुसरा वेल्डिंग करत असताना आपण नुसतेच अँगल धरून उभे राहिलो, तर त्या घटकेला काहीच होत नाही. सहा-आठ तास जातात. मग, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत खडे रुतल्यासारखं वाटू लागतं. पाणी थांबत नाही, ट्यूबलाइट सोसत नाही, पापणी उघडवत नाही. कुणी कच्च्या बटाट्याची चकती ठेवतं, कुणी गुलाबपाणी घालतं. ज्याला ठाऊक असतं तो मेडिकलमधून डोळा सुन्न करणारे थेंब आणतो. थेंब पडला की अर्ध्या मिनिटात वेदना गायब. पाव तासानं ती परत येते आणि दुसरा थेंब पडतो. मग ती बाटली खिशातच राहते.

त्या बाटलीविरुद्ध मला लिहायचं आहे. त्याहीपेक्षा तिच्यामागच्या समजुतीविरुद्ध. दुखणं थांबलं म्हणजे डोळा बरा झाला, ही ती समजूत. ती फक्त वेल्डरची नाही. मधुमेहाचा रुग्ण, नागीण होऊन गेलेले आजोबा, चष्मा घालवायला निघालेली तरुण मुलगी, आणि कित्येकदा त्यांना तपासणारा डॉक्टरसुद्धा याच समजुतीवर चालतो. डोळ्यातली जी नस दुखते, तीच नस डोळ्याच्या पृष्ठभागाला जगवते. ही गोष्ट विज्ञानाला आता चांगली ठाऊक आहे, पण दवाखान्यातल्या रोजच्या तपासणीपर्यंत ती आलेली नाही.

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा बसवलेला जो पारदर्शक भाग, तो कॉर्निया. नेत्रदानात आपण प्रामुख्यानं देतो तो हाच. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नसते, कारण रक्त आलं तर पारदर्शकपणा गेला. मज्जातंतू मात्र इतके दाट, की शरीराच्या पृष्ठभागावर याहून संवेदनशील जागा नाही. कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या बाजूला, ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूची गाठ असते. चेहऱ्यावरचा स्पर्श, दातदुखी, नाकातली झिणझिण हे सगळं तिच्यामार्फत मेंदूकडे जातं. त्या गाठीतल्या अवघ्या काहीशे पेशी एका कॉर्नियाची जबाबदारी घेतात. प्रत्येकीचा तंतू डोळ्यापर्यंत येतो, तिथे फुटत फुटत जातो आणि त्याची टोकं पृष्ठभागाच्या पेशींमध्ये उघडी पडलेली असतात. म्हणून तर धुळीचा एक कण पुरतो.

गर्दीच्या वेळी अंधेरीहून बोरिवलीला जाताना लोकलच्या दारात उभं असताना असा कण डोळ्यात गेला, तर पुढच्या काही क्षणांत काय काय होतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. कण टोचल्याची खबर मेंदूच्या तळाशी पोचते आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूवाटे पापणी मिटते. त्याच वेळी नाकामागच्या एका छोट्या गाठीतून अश्रुग्रंथीला हुकूम सुटतो आणि पाणी येतं. या दुसऱ्या वाटेवरचे तंतू अ‍ॅसिटिलकोलिन सोडतात आणि त्याबरोबर व्हीआयपी नावाचं एक पेप्टाइडही सोडतात. आता तिसरी गोष्ट. ज्या तंतूला कण टोचला, त्याची संवेदना मेंदूकडे निघाली खरी, पण वाटेत जिथे फाटा फुटतो तिथून ती उलट फिरून त्याच तंतूच्या दुसऱ्या टोकांकडेही जाते. ती टोकं तिथल्या तिथे सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही दोन द्रव्यं ओततात. पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या त्यामुळे फुगतात आणि डोळा लाल होतो. मेंदूची परवानगी न घेता नसेनं जागेवरच केलेली ही कारवाई आहे. खबर नेणारी म्हणून आपण जिला ओळखतो ती नस इथे स्वतः काहीतरी देते आहे.

या द्रव्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. अमिनो आम्लांच्या या आखूड साखळ्या. सबस्टन्स पी 11 मण्यांची, व्हीआयपी 28, न्यूरोपेप्टाइड वाय 36, सीजीआरपी 37. त्यांचा शोध डोळ्यात लागला नाही. 1931 साली लंडनमध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूतून आणि आतड्यातून एक अर्क काढला, तो रक्तदाब खाली आणत होता. त्यात नेमकं काय आहे ते कळायला चाळीस वर्षं लागली. 1970च्या सुमारास सुसान लीमन यांनी ते शुद्ध केलं आणि त्याची रचना उलगडली. त्याच सुमारास सामी सईद आणि व्हिक्टर मुट यांना डुकराच्या आतड्यात व्हीआयपी सापडलं. सीजीआरपी आणि न्यूरोपेप्टाइड वाय 1980च्या दशकाच्या सुरुवातीचे. त्याआधी एका मज्जापेशीचं एकच रसायन अशी ढोबळ समजूत होती. स्वीडनच्या टोमास होकफेल्ट यांनी एकाच पेशीत नेहमीचं रसायन आणि पेप्टाइड शेजारी शेजारी राहतात हे दाखवलं आणि ती समजूत मोडली. मग फिलाडेल्फियात रिचर्ड स्टोन आणि अ‍ॅलन लॅटिस यांच्यासारख्या संशोधकांनी सस्तन प्राण्यांच्या डोळ्यातले मज्जातंतू रंगवून कोणत्या तंतूत कोणतं पेप्टाइड आहे याचा नकाशा तयार करायला घेतला. संवेदना नेणाऱ्या तंतूंत सबस्टन्स पी आणि सीजीआरपी. अश्रुग्रंथीकडे आणि डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थराकडे जाणाऱ्या तंतूंत व्हीआयपी. मानेतल्या गाठीतून वर येणाऱ्या तंतूंत नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या जोडीला न्यूरोपेप्टाइड वाय. इतक्या लहानशा अवयवात तीन वाटांनी तीन तऱ्हांचा माल येतो, हे त्या कामानं उघड केलं.

हा माल तयार होतो पेशीच्या मुख्य देहात, म्हणजे कॉर्नियाच्या बाबतीत काही सेंटिमीटर दूर, कवटीच्या तळाशी. तिथून तो तंतूच्या आतून वाहत टोकापर्यंत येतो. आपण नसेला विजेची तार म्हणतो. मला ती विहिरीपासून वाफ्यापर्यंत काढलेल्या पाटासारखी वाटते. पाट बुजला की वाफ्यातलं रोप त्या दिवशी मरत नाही. चार दिवस हिरवंच दिसतं.

कॉर्नियाच्या बाबतीत हे खरं आहे का, यावर शंभराहून अधिक वर्षं वाद झाला, आणि तो वाद आजच्या आपल्या चुकांच्या मुळाशी आहे. 1824 साली फ्रान्समध्ये माझांदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं सशाचा ट्रायजेमिनल मज्जातंतू कापला. काही दिवसांत त्या बाजूचा कॉर्निया गढूळ झाला आणि त्यावर व्रण पडला. माझांदीचं म्हणणं, नस कॉर्नियाचं पोषण करत होती, ती तुटल्यामुळे कॉर्निया गेला. दुसरा पक्ष म्हणाला, पोषणबिषण काही नाही. सशाला त्या डोळ्यात काही कळेनासं झालं, म्हणून धूळ-कचरा लागत राहिला आणि डोळा बिघडला. 1857 साली हॉलंडच्या हर्मन स्नेलेननं यावर एक हुशार प्रयोग केला. आपल्याकडच्या प्रत्येक चष्म्याच्या दुकानात वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता टांगलेला असतो, तो तक्ता करणारा हाच स्नेलेन. त्यानं सशाचा शाबूत संवेदनेचा कान त्याच्या बधिर डोळ्यापुढे शिवून टाकला. काही लागलं तर कानाला कळेल आणि ससा डोकं बाजूला घेईल. डोळा बराच सुरक्षित राहिला. पोषणाच्या बाजूचा पक्ष त्यानंतर बराच काळ दबलेला राहिला.

वेदना म्हणजे फक्त पहारा, ही कल्पना त्या प्रयोगानंतर घट्ट बसली. ती चुकीची नव्हती, अपुरी होती. आपल्या महाराष्ट्रात या अपुरेपणाची किंमत सगळ्यात आधी कुष्ठरोग्यांनी मोजली.

कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात आणि डोळ्याचा दर्शनी भाग थंड असतो. जंतू दोन वाटांनी डोळ्यावर घाला घालतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूची पापणी मिटवणारी फांदी निकामी झाली, की झोपेतही डोळा अर्धा उघडा राहतो. ट्रायजेमिनलची डोळ्याकडची फांदी निकामी झाली, की कॉर्निया बधिर होतो. दोन्ही एकदम झालं तर डोळा वाचणं कठीण. 1890 साली मुंबईत सुरू झालेलं वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय, वर्सोव्याला यारी रोडवरचं विमला डर्मेटॉलॉजिकल सेंटर, वरोऱ्याचं आनंदवन, या ठिकाणी ज्यांनी आयुष्यं घालवली त्यांनी हे डोळे पिढ्यानपिढ्या पाहिले. वेल्लोरला काम केलेल्या पॉल ब्रँड या शल्यविशारदानं जगाला पटवून दिलं की कुष्ठरोग्याची बोटं रोगानं 'सडत' नाहीत. वेदना कळत नाही म्हणून ती भाजतात, कापतात, झिजतात. मिटत नसलेल्या पापणीवरही तिथल्या शल्यविशारदांनी उपाय केला. घास चावताना कानशिलाचा जो स्नायू हलतो, त्याची पट्टी पापणीपर्यंत आणून जोडायची. मग रुग्णानं दात आवळले की डोळा मिटतो. माणसानं दिवसभर आठवणीनं दात आवळून पापणी मिटवायची. आपण दर काही सेकंदांनी नकळत करतो ते काम त्याला लक्ष ठेवून करावं लागतं.

ब्रँडचं काम फार मोठं आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. पण त्याच्या मांडणीतूनही लोकांच्या मनात उरलं ते एवढंच, की वेदना ही राखण आहे. राखण गेली तर आपण बाहेरून राखण करू, गॉगल देऊ, पट्टी देऊ, आरशात डोळा बघायला शिकवू. हे सगळं करायलाच हवं. तरीही बधिर कॉर्नियावर, कुणी काही लागू दिलं नाही तरी, पृष्ठभाग आपोआप खरवडल्यासारखा होतो आणि एकदा पडलेली जखम महिनोन् महिने भरत नाही. हे पहाऱ्याच्या सिद्धांतात बसत नाही. 1954 साली सिगेलमन आणि फ्रिडेनवाल्ड यांनी मज्जातंतू तोडलेल्या कॉर्नियातल्या पेशी मोजल्या. त्यांची विभागणी मंदावली होती आणि जखम भरण्याची ताकदही कमी झाली होती. कॉर्नियाचा वरचा थर आठवड्या-दहा दिवसांत नवा होतो. ज्या थराला इतक्या वेगानं स्वतःला घडवावं लागतं, त्याचं घडवणंच मंदावलं तर बाहेर कितीही राखण ठेवा. पुढे जपानमध्ये तेरुओ निशिदा यांच्या गटानं दाखवलं, की सबस्टन्स पी आणि इन्सुलिनसारखं एक वाढद्रव्य यांची जोडी मिळाली की कॉर्नियाच्या पेशी सरकून जखम झाकायला लागतात. नुसत्या एकानं ते होत नाही. माझांदीला जे दिसलं होतं आणि ज्याला तो नाव देऊ शकला नव्हता, त्याला दीडशेहून अधिक वर्षांनी नाव मिळालं.

म्हणजे स्नेलेनही बरोबर आणि माझांदीही बरोबर. नस पहाराही देते आणि रसदही पुरवते. औषधानं ती गप्प केली तर दोन्ही एकदम बंद होतात.

आता सुन्न करणारे थेंब. 1884 साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं आणि डोळ्याची शस्त्रक्रिया माणसाला सोसण्याजोगी झाली. कोलरचे उपकार मोतीबिंदू काढलेल्या प्रत्येक घरावर आहेत. आज कोकेनच्या जागी प्रोपॅराकेन वापरतात. डोळ्याचा दाब मोजताना किंवा रुतलेला लोखंडाचा कण काढताना डॉक्टर एक-दोन थेंब घालतात, त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते दर पाव तासानं, दिवसच्या दिवस घातल्यानं. हे औषध पेशींना थेट इजा करतं, त्यांचं सरकणं आणि विभागणं रोखतं, पापणी मिटण्याचा वेग कमी करतं, आणि टोकांकडून येणारी रसद तोडतं. चमक लागल्यानं सोललेला पृष्ठभाग एरवी एक-दोन दिवसांत आपला आपण भरून येतो. थेंबांखाली तो भरत नाही. न भरलेली जागा दुखते, म्हणून आणखी थेंब. काही दिवसांत कॉर्नियात पांढुरकं कडं उमटतं, जंतुसंसर्ग होतो, आणि कधी कधी कॉर्निया विरघळून भोक पडतं. नेत्रतज्ज्ञांच्या पाठ्यपुस्तकात या विकाराला स्वतंत्र नाव आहे, इतका तो ओळखीचा आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांत काम करणारे काही डॉक्टर म्हणतात, की साध्या खरचटलेल्या कॉर्नियाला 24 तासांपुरते हे थेंब दिले तर नुकसान दिसत नाही, मग रुग्णाला तळमळत का ठेवायचं? प्रश्न माणुसकीचा आहे आणि मी तो झटकणार नाही. पण तिथे डॉक्टर आधी डोळा यंत्राखाली बघतो, रुतलेला कण नाही याची खात्री करतो, आणि एका दिवसापुरतं थोडंसंच औषध हातात देतो. आपल्या गाळ्यात आख्खी बाटली येते, चिठ्ठी नसते, डोळा कुणी पाहिलेला नसतो, आणि ग्राइंडरची ठिणगी कॉर्नियात बसलेली असण्याची शक्यता भरपूर असते. वेदना शमवायला पोटातून घ्यायच्या गोळ्या आहेत, मलम आहे, कृत्रिम अश्रू आहेत, अंधारी खोली आणि गार पट्टी आहे. रात्र कठीण जाते, खरं आहे. ती रात्र येऊच नये याची सोय आधी हवी. 1948च्या कारखाने कायद्यात कलम 35 खास डोळ्यांच्या संरक्षणासाठी घातलं होतं. पण चार माणसांचा गाळा कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. ज्यांना संरक्षण सगळ्यात जास्त हवं ते कायद्याच्या उंबऱ्याबाहेर. वेल्डिंग करणाऱ्याला चेहरा झाकणारं शिरस्त्राण आणि त्याच्या मदतनिसाला रंगीत गॉगल यांचा खर्च कुठल्याही ग्रिलच्या बिलात सहज सामावतो. तो बिलात धरावा, असं गिऱ्हाईक म्हणून आपणच का म्हणू नये?

आता नागीण. कमरेला नागीण झाली की विळखा पूर्ण होईल या भीतीनं घर हादरतं. खरी काळजी करायला हवी ती कपाळावरच्या नागिणीची, आणि तिथे मात्र गेरू लावून घर निर्धास्त बसतं. कपाळ, पापणी, नाकाचं टोक आणि कॉर्निया या सगळ्यांना ट्रायजेमिनलची एकच फांदी पुरवते. त्यातही नाकाच्या टोकाला आणि कॉर्नियाला जाणारी डहाळी एकच. म्हणून नाकाच्या शेंड्यावर पुरळ दिसलं की डोळा धोक्यात आहे असं समजायचं. ही खूण एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जोनाथन हचिन्सननं सांगून ठेवली आहे, आणि ती घरातल्या कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसते. पहिल्या 72 तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर पुष्कळ काही वाचतं. पुरळ वाळलं, आग थांबली, महिना गेला, आजोबा म्हणतात आता डोळ्यात काही दुखत नाही. हे वाक्य ऐकून घर खूश होतं. मला ते ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण आग थांबली की नस मेली हे त्या वाक्यावरून कळत नाही.

मधुमेहाचं प्रमाण तर या सगळ्याहून मोठं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आला. पायांच्या नसा जशा जातात तशाच कॉर्नियाच्याही जातात. रयाझ मलिक आणि इतर संशोधकांनी विशेष सूक्ष्मदर्शकानं जिवंत माणसाच्या कॉर्नियातले तंतू पाहून दाखवलं, की ते विरळ होण्याची सुरुवात फार लवकर होऊ शकते, कधी डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाची खूण दिसण्याच्याही आधी. आपण मधुमेह्याला सांगतो, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासा. योग्यच आहे. पायाला टोचणी लावून बघतो, तेही योग्य. कॉर्नियाला मात्र कुणी हात लावत नाही. या माणसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, नंतर जखम भरत नाही, आणि सगळे चकित होतात.

लेसरनं चष्मा घालवण्याबद्दल थोडक्यात. कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलताना तंतू कापले जातात. बहुतेकांचे काही महिन्यांत पुन्हा वाढतात आणि तोवर डोळे कोरडे वाटतात. शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. स्टेशनाबाहेरच्या जाहिरातीत मात्र नंबर जाण्याची हमी असते, नसेचा उल्लेख नसतो, आणि तो सल्ल्याच्या पहिल्या बैठकीत तरी व्हायला हवा.

या पेप्टाइडांना मी देवपण देतो आहे, असं कुणाला वाटेल. तसं नाही. सीजीआरपी हेच द्रव्य अर्धशिशीत डोक्याच्या रक्तवाहिन्या फुगवतं, आणि ते रोखणाऱ्या औषधांनी 2018पासून अनेकांची डोकेदुखी हलकी केली. सबस्टन्स पी जास्त झालं तर दाह वाढतो आणि डोळ्याला एरवी दाहापासून मिळणारं कवच ढासळतं. कमी झालं तर उपासमार, जास्त झालं तर आग. शिवाय बरंच ज्ञान सशावरून आलं आहे, आणि ससा म्हणजे माणूस नाही. सबस्टन्स पीनं सशाची बाहुली करकचून आवळली जाते, माणसाची तशी आवळली जात नाही. सौंदर्यप्रसाधनांची आग होते का ते बघायला 1944पासून जगभर सशांच्या डोळ्यांत ती घातली गेली. भारतानं 2014 साली ही प्राण्यांवरची चाचणी बंद केली, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या सशांनी आपल्याला जे शिकवलं ते तरी वाया जाऊ नये. माणसांच्या बाबतीत भक्कम पुरावा असा, की नस पुन्हा सुधारली तर कॉर्निया सुधारतो. 1998 साली इटलीतल्या डॉक्टरांनी मज्जातंतूंची वाढ करणारं द्रव्य थेंबांतून दिलं आणि न भरणारे व्रण भरले. हे द्रव्य शोधणाऱ्या रिता लेवी-मोंताल्चिनी यांना 1986चं नोबेल मिळालं होतं. इटलीतल्या त्या प्रयोगानंतर वीस वर्षांनी त्याचं औषध अमेरिकेत मंजूर झालं, पण ते इतकं महाग आहे की मुलुंडच्या चाळीतल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. शल्यविशारद आता कपाळाच्या दुसऱ्या बाजूची शाबूत नस बधिर डोळ्याकडे वळवून आणतात, तेही मोजक्या ठिकाणी. त्या मानानं रुग्णाच्याच रक्तातला निवळ द्रव (सीरम) पातळ करून त्याचे थेंब बनवणं स्वस्त आहे. त्यात यातली काही द्रव्यं आपोआप असतात, आणि रक्तपेढी असलेल्या रुग्णालयाला ते जमू शकतं. उपनगरातल्या प्रत्येक मोठ्या पालिका रुग्णालयात ही सोय असावी, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचाही इथेच विचार व्हायला हवा. तो येतो तेव्हा त्यात जिवंत नस नसते. ज्याच्या डोळ्यात मुळातच नस उरलेली नाही, त्याला बसवलेला कॉर्निया टिकणं अवघड. दात्याच्या कुटुंबानं दुःखाच्या घटकेला दिलेलं हे दान बसवण्यापूर्वी घेणाऱ्याच्या डोळ्याची संवेदना तपासली गेलीच पाहिजे.

ती तपासायला यंत्र लागत नाही. कापसाच्या बोळ्यातून एक तंतू बारीक वळून बाहेर काढायचा. रुग्णाला समोर दूर बघायला सांगायचं. बाजूनं, त्याला दिसणार नाही असं, ते टोक कॉर्नियाला हलकेच लावायचं. पापणी झटकन मिटली तर ठीक. मिटली नाही, किंवा एका डोळ्याला मिटली आणि दुसऱ्याला उशिरा, तर नोंद करायची. दोन गोष्टी सांभाळायच्या. सुन्न करणारा थेंब घालण्याआधी ही तपासणी करायची, कारण नंतर तिला अर्थ नाही. आणि पापण्यांना कापूस लागू द्यायचा नाही, नाहीतर पापणी मिटते ती पापणीच्या स्पर्शानं. दोन्ही डोळ्यांना मिळून मिनिटभरही लागत नाही. डॉक्टरांकडे वेळ नसतो हे मला मान्य आहे. ओपीडीची रांग मीही पाहिली आहे. म्हणून सगळ्यांची करा असं मी म्हणत नाही. मधुमेह दहा वर्षांहून जुना असेल, कपाळावर नागीण होऊन गेली असेल, कुष्ठरोगाचा उपचार झाला असेल, किंवा एकाच जागचा व्रण पुन्हा पुन्हा होत असेल, तेवढ्यांची करा. कुष्ठरोगाचे आजही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, तेव्हा ही यादी भूतकाळातली नाही. मुंबईत वस्त्यांजवळ निघालेल्या 'आपला दवाखान्या'त मधुमेह्यांची नोंद होते. त्याच कागदावर उजवा डोळा, डावा डोळा, संवेदना आहे की नाही, एवढे दोन रकाने वाढवता येतील.

आणि 'नाही' अशी नोंद झालेल्या माणसाला त्याच दिवशी सांगायच्या गोष्टीही ठरलेल्या हव्यात. टिकवणारं रसायन नसलेले कृत्रिम अश्रू दिवसातून ठरावीक वेळा, दुखो न दुखो. रात्री मलम, आणि पापणी उघडी राहत असेल तर वर झाकण. डोळा लाल झाला तर दाह आणि वेदना कमी करणारे डायक्लोफिनॅकसारखे थेंब मनानं घालायचे नाहीत, कारण बधिर कॉर्नियाला तेही विरघळवू शकतात. रोज सकाळी घरातल्या कुणीतरी उजेडात डोळा बघायचा. पांढरा ठिपका, लाली किंवा धूसर दिसणं यांपैकी काही आढळलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. दुखत असलं तर उद्या जाऊ म्हणता येईल एक वेळ, न दुखणाऱ्या लाल डोळ्याला मात्र उद्यावर टाकायचं नाही.